मुका मार आणि संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅन

धावत्या लोकलमधून पडलेल्या किंवा स्फोटात फेकल्या गेलेल्या माणसाच्या अंगावरची दिसणारी जखम हे पुष्कळदा त्याच्या जिवावरचे खरे संकट नसते; फाटलेली प्लीहा, यकृतातील चीर किंवा कवटीच्या आत साचणारे रक्त बाहेरून दिसत नाही, आणि बेशुद्ध रुग्ण कुठे दुखते ते सांगू शकत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडून किमान चार जण दगावले, तर डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी भीषण स्फोट झाले. अशा जखमींच्या डोक्याला, छातीला, पोटाला आणि कण्याला एकाच वेळी इजा झालेली असू शकते. तिला बहुआघात म्हणतात.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक त्यातून शरीराच्या पातळ आडव्या छेदांची चित्रे तयार करतो. बहुआघाताच्या रुग्णाचे डोक्यापासून ओटीपोटापर्यंत सलग छेद घेतले जातात आणि शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडल्याने कोणत्या अवयवातून रक्त झिरपते आहे तेही उमटते. प्रत्यक्ष छायांकनाला मिनिटभरही पुरते. वेळ जातो तो रुग्णाला यंत्रापर्यंत नेण्यात आणि सुरक्षितपणे टेबलावर घेण्यात.

2009 मध्ये जर्मनीतील 4621 रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले, की संपूर्ण स्कॅन झालेल्यांत अपेक्षेपेक्षा कमी मृत्यू झाले. मात्र नोंदींवरच्या अभ्यासात स्कॅन कोणाचा करायचा हे डॉक्टरांनीच ठरवलेले असल्याने तुलना निर्दोष राहत नाही. म्हणून नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडून चाचणी झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार 1083 रुग्णांच्या दोन्ही गटांत रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण 16 टक्केच होते. ज्यांचा सुरुवातीलाच संपूर्ण स्कॅन केला नव्हता, त्या दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचे सर्व भाग शेवटी टप्प्याटप्प्याने स्कॅन करावेच लागले, ही बाबही तितकीच बोलकी आहे. तपासणी लवकर संपते, हा लाभ खरा; परंतु प्रत्येक अपघातग्रस्ताचा संपूर्ण स्कॅन करावा, असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल.

या तपासणीत सुमारे 20 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार अंगावर येतो, जो छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या जवळपास दोनशे पट असतो. लहान मुले आणि गर्भवती यांच्याबाबतीत म्हणूनच अधिक विचार करावा लागतो. ज्याचा रक्तदाब सलाईन आणि रक्त देऊनही घसरतच आहे, त्याला स्कॅनसाठी नेणे धोक्याचे असते. त्याच्या पोटातला रक्तस्राव खाटेजवळच सोनोग्राफीने पाहून थेट शस्त्रक्रिया करणे अधिक योग्य असते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात यापुढचा प्रश्न यंत्राइतकाच अंतराचा आहे. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गंभीर रुग्णाला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा शीवला हलवण्याची वेळ येते, आणि मेंदूचा शल्यविशारद, रक्तपेढी व शस्त्रक्रियागृह जिथे नाही तिथे निघालेला स्कॅन इजा दाखवतो, पण तिच्यावर इलाज करता येत नाही. रुग्ण हलवताना नातेवाइकांनी स्कॅनची सीडी आणि अहवाल आवर्जून मागून सोबत न्यावेत. तोच स्कॅन पुन्हा करण्यात जाणारा वेळ आणि अंगावर येणारा किरणोत्सार त्यामुळे अनेकदा वाचू शकतो.