जुन्या जीपचे पुढचे पाटे बदलताना



ऊसतोड सुरू झाली की वाहनांना उसंत नसते. ट्रॅक्टर-ट्रॉलीची तपासणी आपण हंगामाआधी करून घेतो. पण दारातल्या जुन्या जीपकडे मात्र ती अडेपर्यंत कोणी पाहत नाही. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्या आजही शेतरस्त्यावर धावतात. त्यांच्या पुढच्या पाट्यांविषयी चार उपयोगी गोष्टी येथे देत आहे.

पाटा बसला हे कसे ओळखावे?

गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजावे. एक बाजू बरीच खाली असेल तर त्या बाजूचा पाटा बसला, असे समजावे. पाने घासून चकाकत असतील किंवा एखादे तडकले असेल, तर थांबू नये. सर्वांत धोकादायक म्हणजे मधला सेंटर बोल्ट तुटणे. मग ॲक्सल पाट्यावरून सरकतो, गाडी एका अंगाला ओढते आणि भरधाव असताना स्टिअरिंग हातात राहत नाही.

लोहाराकडे नको

नांगराचा फाळ भट्टीत तापवून पाणी दिले की पुन्हा चालतो. पाट्याचे तसे नाही. त्याच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन लवचिकपणा आणलेला असतो. साध्या भट्टीत तो निघून जातो. तुटलेल्या पानाला वेल्डिंग तर कधीच करू नये. जादा पान घातल्यानेही धक्के थेट चेसिसला बसतात. पाटे नवे घ्यावेत आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. सोबत यू-बोल्ट व बुशही नवेच घालावेत. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा भरवशाचा राहत नाही.

गाडी उचलताना

आदल्या रात्री सगळ्या नटांवर तारेचा ब्रश मारून रॉकेल सोडावे. पक्क्या, सपाट जमिनीवर काम करावे. अनेक जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावावीच. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट सैल करावेत. काही जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पुढचा भाग उचलून चेसिसखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या द्याव्यात. विटा, दगड चालणार नाहीत. वीट केव्हा फुटेल ते सांगता येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी हातही घालू नये. घोड्यांवर घेतल्यावर गाडी हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. मुलांना लांब ठेवावे.

बदलण्याचा क्रम

एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसऱ्या बाजूने ॲक्सल जागेवर राहतो. चाक काढून जॅक ॲक्सलखाली घ्यावा आणि पाट्यावरचा ताण जाईल इतकाच ॲक्सल खाली येऊ द्यावा. ब्रेकच्या रबरी नळीला ओढ बसता कामा नये. शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवावे. मग यू-बोल्टचे नट आळीपाळीने सैल करून काढावेत. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर ॲक्सल थोडा वर उचलला की पाटा मोकळा होतो. शेवटी दोन्ही टोकांचे बोल्ट काढावेत. पाटा जड असतो, दुसरा माणूस धरायला हवाच.

जुना पाटा नव्याशेजारी ठेवून सेंटर बोल्टपासून दोन्ही टोकांची लांबी मोजावी. ती सारखी असेलच असे नाही. पुढचे टोक पुढेच यायला हवे. मध्ये पाचर असेल तर ती होती त्याच दिशेने बसवावी. उलटी बसली की चाके थरथरतात.

नवा पाटा टोकांना सैलसर अडकवावा. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या भोकात नीट बसले, हे डोळ्यांनी पाहूनच यू-बोल्ट तिरपे, थोडे-थोडे आवळावेत. बुश रबरी असतील तर टोकांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पक्के करावेत. आधीच आवळले तर रबर पिळून लवकर फाटते. रबराला ग्रीस लावू नये. पितळी बुशला मात्र निपलमधून द्यावे.

शेवटची तपासणी

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना, ते बघावे. ब्रेक दाबून पाहावा. आधी मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवावी. साधारण शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. नवी पाने एकमेकांवर बसताना ते थोडे सैल पडतातच, आणि इथेच बहुतेकजण हयगय करतात.

घोड्या किंवा जोडीदार नसेल, तर सरळ मेकॅनिककडे जावे. मजुरीचे चार पैसे वाचवण्यासाठी जीव टांगणीला लावण्यात शहाणपण नाही.

— ऊस विकास अधिकारी