‘दिवसभर उभाच असतो की!’ (लेखांक ५)

भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे व्यायामाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: ‘आठ तास उभाच असतो की, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ मागच्या लेखात आपण शारीरिक साक्षरतेचा अर्थ पाहिला. मार्गारेट व्हाइटहेड १९९३ पासून मांडत आलेल्या या कल्पनेत अंगातल्या कौशल्यासोबत हालचालीची ओढ, स्वतःच्या शरीरावरचा भरवसा आणि काय केल्याने काय होतं याची जाण, हे सारं येतं, तेही जन्मभरासाठी. कामगाराचा प्रश्न या कल्पनेची खरी कसोटी पाहतो. त्याला आळस समजून झटकून टाकणं चूक आहे, कारण त्याच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे.

जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. पुढे डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र वेगळं दिसलं: फुरसतीतली हालचाल हृदयाला मानवते, पण कामावरच्या जड अंगमेहनतीचा तसा लाभ दिसत नाही, कधी अपायच दिसतो. यावर आक्षेप असा की जड काम करणारा माणूस बहुधा गरीबही असतो. मग त्याचं दुखणं कामातून आलं की परिस्थितीतून, हे कसं ठरवायचं? नॉर्वेतल्या २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात तर हालचालीचं काम करणारे पुरुष बैठ्या कामवाल्यांपेक्षा जास्त जगल्याचं आढळलं. वाद मिटलेला नाही. मला वाटतं, काम किती जड याइतकंच त्यात हालचालींचे प्रकार किती, हेही विचारायला हवं. कंडक्टर चढतो, उतरतो, वळतो, तोल सावरतो, मध्येच थांबतो.

आता असेंब्ली लाइनवरचं एखादं स्टेशन बघा. वरून टांगलेली गन उजव्या हाताने खाली ओढायची, बोल्ट कसायचे, गन सोडायची. तोवर पुढची गाडी समोर आलेली असते. गाडीला एक मिनिट धरलं तर सात तासांत ४२० वेळा तोच खांदा, तीच ओढ, कमरेतून तेच झुकणं. पाय दोन-तीन पावलांपलीकडे जात नाहीत. दम लागत नाही, पण खांदा भरून येतो आणि पोटऱ्यांना गोळे येतात. एकच अक्षर दिवसभर गिरवणाऱ्याला आपण साक्षर म्हणत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी आणि उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय सक्तीची केली. शरीर दमतं, हे कायद्याने ओळखलं. ते एकाच हालचालीत आखडतं, याचा विचार मात्र तिथे नव्हता.

हे आखडणं कळतं ते जमिनीवर बसून उठताना. ब्राझीलच्या क्लाउदिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांची हीच परीक्षा घेतली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. हाताचा किंवा गुडघ्याचा टेका घेतला की गुण कमी. ज्यांना कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे जास्त होतं. उठता न येण्याने कोणी मरत नाही, हे खरं. पण ताकद, तोल आणि लवचिकपणा एकत्र पाहायला इतकी सोपी खूण दुसरी नाही. कुस्तीची परंपरा सांगणाऱ्या भोसरीला हे नवं वाटू नये. तालमीत जोर, बैठका, माती खणणं आणि लढत यांतून तासाभरात अंगाची सगळी मुळाक्षरं गिरवून होतात.

मुरलीकांत पेटकर यांचं उदाहरण इथे फार मोलाचं वाटतं. सैन्यात ते बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, तेव्हा ते पोहण्याकडे आणि इतर खेळांकडे वळले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी नोकरीही केली. त्यांची जिद्द असामान्य होती, पण एक हालचाल गेली तर दुसरी शोधायची, हे शिकण्यासारखं आहे.

‘पण वेळ कुठून आणायचा?’ हा आक्षेप सगळ्यात वजनदार. पाळी दर आठवड्याला फिरते, कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकते, तिसऱ्या पाळीनंतर झोपच पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. हा सगळा हिशेब थकलेल्या माणसाच्या माथी मारणं मला पटत नाही. पाळीच्या आतच स्टेशनं बदलून द्यावीत: दोन तास वर हात करून, दोन तास खाली वाकून, दोन तास चालत. कंत्राटी कामगारालाही ही अदलाबदल मिळायला हवी, कारण काम बदलून मागायची सोय त्यालाच सगळ्यात कमी असते.

एक आकडा अजून उरतो. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल नसलेल्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांचं ५७ टक्के. अशा पाहण्यांत घरकामही हालचाल म्हणून विचारलं जातं. पाळीवरून येऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईचं काय, ते पुढच्या लेखात.