वारा पाठीशी असताना होडी हळू का वाटते?

आज प्रयोगशाळेतून थोडं बाहेर, समुद्रावर जाऊ. विषय संशोधनाचाच आहे, काळजी नसावी.

मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी मैत्रीण मुंबईत एका छोट्या शर्यतीत उतरलो होतो. होडी एंटरप्राइज: दोन माणसांची, 4.04 मीटर लांबीची, जॅक होल्ट यांनी 1956 साली आरेखित केलेली. वाऱ्याच्या दिशेने नागमोडी जाताना आम्ही बऱ्या जागी होतो. खूण वळलो, वारा पाठीशी आला, आणि आम्ही निवांत झालो. आता काय, शीड मोकळं सोडायचं आणि बसायचं! त्याच निवांतपणात तीन होड्या आमच्या पुढे निघून गेल्या.

याच मुंबईच्या समुद्रात 1982 च्या आशियाई खेळांत फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोन माणसांच्या होडीत सुवर्णपदक जिंकलं होतं. आमची गोष्ट त्या पातळीची नाही. पण आमचं चुकलं कुठे, हे शोधताना मी जे शिकले ते पीएचडीच्या पहिल्या वर्षी कळलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

होडीला लागणारा वारा वेगळा असतो

शिडाला वारा लागतो तो किनाऱ्यावर उभ्या माणसाला लागतो तो नव्हे. खऱ्या वाऱ्याच्या वेगातून होडीचा वेग वजा करायचा (सदिश वजाबाकी, अकरावीची!), उरतो तो होडीला जाणवणारा वारा.

समजा वारा 8 नॉट आहे आणि होडी बरोबर त्याच दिशेने 4 नॉटने चालली आहे. शिडाला मिळतो फक्त 4 नॉट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे होडी स्थिर असताना मिळाला असता त्याच्या चौथाई. होडी जितकी जोरात जाईल तितका तिचा स्वतःचा वारा कमी होईल. म्हणूनच गालाला वारा लागत नाही, आणि वाटतं की आपण थांबलोय. उलट वाऱ्यावर चढताना केस उडतात, पाणी तोंडावर येतं, आणि वाटतं की काय सुसाट चाललोय!

पहिला धडा इथेच: वाटणं हे मोजमाप नव्हे.

सरळ जायचं की तिरकं?

सरळ गेलं तर अंतर सगळ्यात कमी. पण तिरकं गेलं तर वारा बाजूने येतो, शिडाच्या दोन्ही अंगांवरून वाहायला लागतो आणि नुसता ढकलण्याऐवजी विमानाच्या पंखासारखा ओढतोही. शिवाय मोठ्या शिडाच्या सावलीत मरगळलेली जिब जागी होते.

आता हिशोब बघा. 30 अंश तिरकं गेलं तर अंतर साधारण 15 टक्के वाढतं. म्हणजे सरळ जाताना 4 नॉट मिळत असतील तर तिरकं जाताना 4.62 नॉटच्या वर वेग हवा, तरच फायदा. 4.8 मिळाले तर एका सागरी मैलात सुमारे 34 सेकंद वाचतात. 4.5 मिळाले तर सुमारे 24 सेकंद जातात. गंमत म्हणजे दोन्ही वेळा होडी आधीपेक्षा जोरातच चाललेली असते! पण आपल्याला हवा आहे खुणेच्या दिशेने जाणारा वेग, नुसता वेग नव्हे. तुम्ही मोजताय ती राशी आणि तुम्हाला हवी असलेली राशी एकच आहे का, हे दर वेळी तपासा.

पाण्याचा हिशोब

वारा पाठीशी असताना ढकलणारा जोर कमी, म्हणून पाण्याचा विरोध कमी करणं फार मोलाचं. मंद वाऱ्यात विरोध मुख्यतः घर्षणाचा, म्हणजे पाणी जितक्या पृष्ठभागाला लागतं तेवढा. म्हणून दोघांनी थोडं पुढे सरकायचं, की मागचा रुंद सपाट भाग पाण्यातून सुटतो. होडी थोडी वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवायची: भिजणारा भाग घटतो, आणि बाहेर गेलेल्या शिडाचा जोर होडीच्या मध्यावर येतो, त्यामुळे सुकाणू सारखं हलवावं लागत नाही. आडवं फिरवलेलं सुकाणू म्हणजे ब्रेकच. सेंटरबोर्डही बराच वर घ्यायचा.

वारा वाढला की खेळ बदलतो. होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. 4 मीटर लांबीची लाट खोल पाण्यात सेकंदाला सुमारे 2.5 मीटर, म्हणजे 4.9 नॉटच्या आसपास धावते. त्याच्या पुढे जायचं तर होडीला त्या लाटेवर चढून पाण्यावर घसरावं लागतं. त्यासाठी होडी सपाट ठेवायची आणि दोघांनी मागे सरकायचं, नाहीतर नाक पाण्यात घुसतं. झोत आला की थोडं खाली वळून त्याच्यासोबत धावायचं, झोत ओसरला की थोडं वर वळून वेग टिकवायचा.

बघा, मंद वाऱ्यात पुढे, जोराच्या वाऱ्यात मागे. ‘कुठे बसावं?’ या प्रश्नाला वाऱ्याचा वेग सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. निष्कर्ष लिहिताना तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे हे सोबत लिहावं लागतं ते यासाठी.

पण सुधारणा झाली हे कळणार कसं?

हे सगळं वाचून आम्ही पुढच्या रविवारी एकदम सगळंच बदललं. बसायची जागा, कल, सेंटरबोर्ड, दिशा. होडी जोरात गेली! कशामुळे? कोण जाणे. त्या दिवशी खारा वाराच जरा जास्त होता.

पुन्हा एक हिशोब. 4 नॉटने तीन मिनिटांत होडी सुमारे 370 मीटर जाते. एक टक्का सुधारणा म्हणजे 3.7 मीटर, होडीच्या लांबीहूनही कमी. वाऱ्याचा वेग तर तेवढ्यात कितीतरी जास्त बदलतो. घड्याळ लावून हे सापडणं शक्यच नाही.

उपाय जुना आणि साधा आहे: दोन होड्या. सारख्याच होड्या, जवळपास सारख्या वजनाची माणसं, एकमेकींच्या वाऱ्याच्या सावलीत न येता शेजारी शेजारी. दोघींना वारा जवळपास एकच मिळतो, म्हणून त्याचा बराचसा परिणाम वजा होतो. एक होडी काहीही बदलत नाही. दुसरी एका वेळी एकच गोष्ट बदलते. मग बाजूंची अदलाबदल करून पुन्हा.

आणि सगळ्यात आधी, काहीही न बदलता चार-पाच फेऱ्या. आम्हाला हा वेळेचा अपव्यय वाटला होता. प्रत्यक्षात काहीही न बदलता कधी आम्ही होडीभर पुढे, कधी त्या. म्हणजे एका फेरीत होडीभर पुढे गेलो तर आनंद मानायचं कारण नाही. सहा फेऱ्यांत सहाही वेळा पुढे गेलो, तर मात्र काहीतरी आहे.

मंद वाऱ्यात पुढे सरकण्याचा फायदा असा स्पष्ट दिसला. माझी लाडकी कल्पना, सेंटरबोर्ड पूर्ण वर घेण्याची, साफ पडली. होडी हलकी वाटायची, पण डुलायची आणि सुकाणू जास्त हलवावं लागायचं. वाईट वाटलं, पण तेच उत्तर होतं.

आता तुमच्याबद्दल

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी नमुना तयार करायची पद्धत आणि तापमान एकाच आठवड्यात बदललं होतं. आलेख सुंदर आला. चार महिने त्यावर काम केल्यावर सरांनी विचारलं, “काहीच न बदलता पुन्हा केलंस, तर आकडा किती हलतो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधलं, आणि माझी सुधारणा त्या हलण्यातच बुडाली.

तुमच्या पहिल्या प्रयोगाआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. मला नेमकं काय हवंय? काहीच न बदलता ते किती हलतं? आणि आज मी कोणती एकच गोष्ट बदलणार आहे?

तिसरी ओळ लिहिताना हात ‘आणि’कडे वळला, तर पेन खाली ठेवा.