वखर ते फवारा : हिवरखेडच्या रानातला मोथा

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडच्या काळ्या रानाला मोथा, म्हणजेच लव्हाळा, नवा नाही. नाल्याकाठच्या ओलीत तो वाढला तर कुणाची तक्रार नसते; पऱ्हाटीच्या तासात शिरला की मात्र शेतकऱ्याला घोर लागतो. लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी 1977 साली जगातल्या उपद्रवी तणांचा ग्रंथ काढला, त्यात पहिला क्रमांक यालाच दिला.

त्याची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात. खाली उकरलं तर काळपट, वासाच्या गाठी निघतात. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच्याच गोतातला. या गाठी बारीक मुळीने एकमेकींना जोडलेल्या असतात. साखळी शाबूत असेपर्यंत टोकाची गाठ मागच्यांना फुटू देत नाही. साखळी तुटली की एकेक गाठ स्वतंत्र कोंब काढते. गेल्या चार-पाच दशकांतली आपली फसगत इथेच आहे.

पूर्वी उन्हाळ्यात बैलांनी खोल नांगरट व्हायची. ढेकळांसोबत गाठी वर येत आणि वैशाखाच्या उन्हात सुकून मरत. पुढे वखर, डवरा आणि बायांचं निंदण. त्यांच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा, पण हंगामभर मजुरीही त्यांच्याच पदरात पडायची. रानडुकरंही गाठी उकरून खातात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातसुद्धा ती डबक्याकाठी मोथाच उकरतात.

ट्रॅक्टरमागे रोटावेटर आला. रान भुसभुशीत झालं, पण साखळ्यांचे तुकडे होऊन मोथा शेतभर पसरला. 2002 मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. निंदणाचा खर्च त्याने सुटला नाही. मजूर मिळेनासे झाले आणि ग्लायफोसेट या तणनाशकाचा पंप पाठीवर चढला. 10 जून 2019 रोजी शेजारच्या अकोट तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणाऱ्या, पण मान्यता नसलेल्या कपाशीची उघड पेरणी केली. निंदणाच्या खर्चाने जेरीस आलेल्या माणसाला त्यासाठी दोष देणं मला जमत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाच्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला.

फवाऱ्याने पाती पिवळी पडते, तिला जोडलेली गाठही बहुधा मरते. निजलेल्या गाठीपर्यंत औषध पोचतच नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: मोथ्याच्या रानात ओलीवर रोटावेटर घालू नये, आणि ट्रॅक्टरने का होईना, उन्हाळी नांगरट चुकवू नये. गाठी वर आल्या की दोन-तीन आठवडे रान तसंच तापू द्यावं, मगच वखर घालावा.