घाटमाथ्यावरचे पायी गिऱ्हाईक

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याचा घाट आता जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार होतो. ज्या मोटारीला फक्त पुढे जायचे आहे ती घाटातल्या चहाच्या टपरीपाशी कशाला थांबेल? जुन्या आग्रा रोडवरच्या दुकानदारांना ही चिंता आहे आणि ती खरी आहे.

पण एक गिऱ्हाईक या बोगद्यातून जाऊच शकत नाही. समृद्धीवर दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणाऱ्याला बंदी आहे. रामनवमीला शिर्डी गाठण्यासाठी मुंबई-ठाण्याकडून साईबाबांच्या पालख्या पायी निघतात. आमच्या गोडदेवहून चालणाऱ्याला घोडबंदर रस्त्याने ठाणे, पुढे पडघा, शहापूर, खर्डी, कसारा असे करत घाट चढावा लागतो. तो इगतपुरीला पोहोचतो तेव्हा शंभर किलोमीटरहून अधिक चाल झालेली असते आणि घरून आणलेले बरेच काही संपलेले किंवा तुटलेले असते. पुढे घोटी, सिन्नर आणि मग शिर्डी.

इगतपुरी हे गावच थांब्यावर वाढलेले. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. आजही जड गाड्यांना कसाऱ्याला मागून जोडलेली ढकलणारी इंजिने इथे सुटतात. पूर्वी विजेची पद्धत बदलत असल्याने इंजिनच बदलावे लागे. ते कारण गेले, तसा तो सक्तीचा थांबाही गेला. रेल्वेने जे शिकवले तेच आता रस्ता शिकवतो आहे.

मग पायी गिऱ्हाईक काय घेते? नवा दुकानदार इथेच फसतो. त्याला वाटते, शेकडो माणसे आली म्हणजे जेवणाची थाळी खपणार. पालखीबरोबर टेम्पो असतो, शिधा आधीच भरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात. थाळी क्वचितच खपते. संपते ते दूध, भाजी, बर्फ, लिंबू. आणि प्रत्येकाचे स्वतःचे असे जे असते ते: सुती मोजे, फोडावर लावायची पट्टी, व्हॅसलीन, मीठ-साखरेची पुडी, टॉर्चचे सेल, मोबाइलची वायर. पहाटे अंधारात ट्रकांच्या बाजूने चालणाऱ्यासाठी पाठीवर लावायची चकाकणारी पट्टी तर प्रत्येक दुकानात हवी. कित्येक ठिकाणी ती मिळत नाही.

हे गिऱ्हाईक भावाच्या आधी वजन पाहते. किलोचा पुडा ते उचलणारच नाही. खजूर, फुटाणे, चिक्की, मुरमुरे यांच्या मुठीएवढ्या पुड्या करा, तेच खपेल.

अमेरिकेत अ‍ॅपलेशियन नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती पूर्ण करायला चालणाऱ्याला पाच-सहा महिने लागतात आणि दर तीन-चार दिवसांनी डोंगरातल्या एखाद्या गावात उतरून त्याला शिधा भरावा लागतो. हॉट स्प्रिंग्ज या छोट्या गावाच्या तर मुख्य रस्त्यावरूनच ही वाट जाते. अशा गावांतले काही दुकानदार चुलीचे इंधनसुद्धा मापाने सुटे विकतात, कारण पूर्ण डबा कोण वाहणार? आपल्याकडच्या किराणा दुकानदाराला सुटे विकणे कोणी शिकवायला नको, पण पाकिटांच्या नादात तो ते विसरत चालला आहे.

खरी कमाई कारागिराची आहे असे आमचे मत आहे. चप्पलचा अंगठा निघाला, बुटाचा तळ सुटला, पिशवीचा पट्टा उसवला, चेनचा रनर गेला, की माणूस पुढे एक मैल जाऊ शकत नाही. शिलाई मशीन, चिकटवायचे सोल्युशन, चार मापांचे रनर आणि बकल घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या माणसाला त्या आठवड्यात मान वर करायला सवड मिळणार नाही. मात्र काम उभ्याउभ्या करून द्यावे लागेल. ‘उद्या या’ हे उत्तर इथे चालत नाही.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. त्या बांधवांनीही विचार करावा. पातळ पत्र्याची हलकी ताटली, झाकणाचा डबा, कडीला अडकेल असा पेला, हा माल पालखी निघण्याच्या महिनाभर आधी मंडळांना दाखवला पाहिजे. वाटेत भांडे कोणी विकत घेत नाही.

पालखीचे दिवस थोडे, हे खरे. पण पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत गिर्यारोहकांची दुसरी रांग लागते. कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, अलंग-मदन-कुलंगकडे जाणारी मुले शनिवारी पहाटे कसारा लोकलने किंवा इगतपुरीला उतरतात. त्यांना हवी असते दोरी, प्लास्टिकचा कागद, काडेपेटी, कांदे-बटाटे आणि तेही पहाटे चार वाजता. नऊ वाजता शटर उघडणाऱ्याला हा धंदा दिसतच नाही.

उधारीचे काय, असे कोणी विचारेल. एकट्या वाटसरूला उधार देऊ नये. त्याची वाट पुढची आहे. पालखीचे वेगळे. ती पुढच्या वर्षी त्याच तिथीला, बहुधा त्याच माणसांसह परत येते. मंडळाचे नाव, माणसांची संख्या, मुक्कामाची रात्र आणि काय कमी पडले ते वहीत लिहून ठेवावे आणि होळी झाली की फोन करावा.