बास्केटबॉलचा हंगाम आणि खेळाडूंची प्रकृती

पावसाळा ओसरला की आपल्याकडील महाविद्यालयांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वारे वाहू लागतात. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडील मुलांना विद्यापीठाच्या संघाचे दार घराजवळच उघडले. बास्केटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाचे स्वप्न ठरलेले असते. आधी महाविद्यालयाचा संघ, मग विद्यापीठाचा आणि त्यानंतर पश्चिम विभागीय स्पर्धा. या दिवसांत माझ्या दवाखान्यात सुजलेले घोटे आणि दुखरे गुडघे घेऊन येणाऱ्या उंच मुलांची संख्या वाढते. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी आजचा हा लेख.

१८९१ साली अमेरिकेत डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ शोधून काढला, तो हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंद व्यायामशाळेत व्यायाम मिळावा म्हणून. आपली मुले मात्र तो बहुधा उघड्यावर, सिमेंटच्या कठीण मैदानावर आणि ऑक्टोबरच्या उन्हात खेळतात. मैदान २८ मीटर लांब. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. धावणे, एकदम थांबणे, वळणे आणि उडी मारणे अखंड चालू. त्यातच लातूर काय किंवा नांदेड काय, शिकवण्यांची गावे. वर्षभर बाकावर बसलेला मुलगा स्पर्धेची तारीख लागली की आठ दिवस जोराचा सराव करतो. शरीराला असा एकदम बसलेला ताण सोसत नाही. सराव किमान सहा आठवडे आधी सुरू करून हळूहळू वाढवावा.

घोटा मुरगळल्यास

उडी मारून दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की घोटा आतल्या बाजूला वळतो व बाहेरच्या बाजूचे बंध ताणले किंवा फाटले जातात. अशा वेळी तेल लावून जोराने चोळणे, ओढून 'शीर बसवणे' किंवा गरम शेक देणे, हे पहिले दोन-तीन दिवस कटाक्षाने टाळावे. त्याने सूज वाढते. खेळ ताबडतोब थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावल्यास दुखणे कमी होते. क्रेप बँडेज बांधावे व पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर तीव्र वेदना होत असतील, तर क्ष-किरण तपासणी अवश्य करावी.

वेदना कमी होताच हालचाल सुरू करावी. पायाच्या अंगठ्याने हवेत क, ख, ग गिरवावे. नंतर भिंतीजवळ एका पायावर तीस सेकंद उभे राहावे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो. तोल सांभाळण्याच्या या साध्या व्यायामाने तो बराच कमी होतो. दुखऱ्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या, धावता-वळता आले, तरच मैदानात उतरावे.

पण नेमके हेच होत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सामना हरला की वर्ष संपते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने प्रमाणपत्राचे मोल घरच्यांनाही ठाऊक असते. मग मुलगा वेदनाशामक गोळी घेऊन, दुखणे लपवून खेळतो. गोळीने दुखणे झाकले जाते, बंध जुळत नाही. शिवाय रिकाम्या पोटी आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या पोटाला व मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

पाणी आणि आहार

तहान लागण्याची वाट न पाहता सामन्यापूर्वी व प्रत्येक मध्यंतरात थोडे थोडे पाणी प्यावे. लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी उत्तम. परगावी सामना असला की बसस्थानकावरील वडे-भजी खाऊन खेळायला उतरणे बरे नव्हे. घरची भाकरी, वरण-भात सामन्याच्या तीन तास आधी खावा. जवळ केळी, फुटाणे, शेंगदाणे-गूळ ठेवावा. महागड्या पावडरींची गरज नाही.

चक्कर आल्यास दुर्लक्ष नको

अमेरिकेतील लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघातील हँक गॅदर्स हा बावीस वर्षांचा नामवंत खेळाडू डिसेंबर १९८९ मध्ये सामन्यात कोसळला. तपासणीत हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली. औषधे सुरू झाली व तो पुन्हा खेळू लागला. ४ मार्च १९९० रोजी भर सामन्यात तो पुन्हा पडला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. हृदयाच्या स्नायूचा विकार त्याला होता. त्याच्या संघाने पुढे राष्ट्रीय स्पर्धेत अखेरच्या आठांत मजल मारली, पण गेलेला गडी परत आला नाही.

असा प्रसंग विरळा आहे, घाबरून खेळ सोडण्याचे कारण नाही. मात्र खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, फार धडधडणे किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलेले असणे, यांपैकी काही असल्यास 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून देऊ नये. हृदयाचा आलेख व सोनोग्राफी करून, डॉक्टरांनी संमती दिल्यावरच खेळावे. मैदानावर कोणी बेशुद्ध पडून श्वास थांबला तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा जोराने दाब द्यावा. क्रीडाशिक्षक व दोन-तीन खेळाडूंनी हे आधीच शिकून घ्यावे.

पालकांना व क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलाने 'दुखते' म्हटले तर त्याला भित्रा म्हणू नये. दुखणे सांगणाऱ्या खेळाडूची संघातील जागा सुरक्षित राहिली, तरच दुखणे लपवण्याची सवय सुटेल. एका सामन्यासाठी घोटा आणि एका हंगामासाठी जीव पणाला लावू नये. स्पर्धा पुढच्या वर्षीही येणारच आहे.