छायाचित्रातले पाणी आणि पेस्टलचा खडू

सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्याची पूड, खडूसारखे भरद्रव्य आणि अगदी थोडा डिंक यांची वळलेली कांडी. शाळकरी मुलांच्या परिचयाचे ऑइल पेस्टल मात्र तेल आणि मेण यांनी बांधलेले असते. सॉफ्ट पेस्टलचा रंग कागदात मुरत नाही, तो कागदाच्या खरखरीत पृष्ठभागात नुसता अडकून राहतो, आणि हा खरखरीतपणा एकदा भरून गेला की पुढचा थर धरत नाही. म्हणून येथे आरंभ गडद छटांनी होतो. महाराष्ट्रात रुजलेल्या पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा आधीपासून राखावा लागतो, तर पेस्टलमध्ये पाण्यावरची चमक सर्वांत शेवटी, थोडा दाब देऊन उमटवली जाते.

वाईजवळच्या मेणवली येथील कृष्णाघाटाचे भर उन्हात टिपलेले छायाचित्र समोर ठेवले, तर पहिली अडचण प्रकाशाची येते. उजळ आकाश आणि सावलीतल्या दगडी पायऱ्या या दोहोंमधील तफावत कॅमेऱ्याला सहसा पेलत नाही, त्यामुळे आकाश पांढरेफटक तरी होते किंवा सावली काळीकुट्ट. प्रत्यक्ष डोळ्यांना त्या सावलीत आकाशाचा निळसरपणा दिसत असतो. छायाचित्रावरून आकार घ्यावेत, पण सावलीचा रंग घेऊ नये, आणि काळ्या खडूऐवजी गडद निळा, जांभळा व तपकिरी यांचे हलके थर एकावर एक द्यावेत, हे उत्तम.

खरी कसोटी प्रतिबिंबाची. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल, हा समज चुकीचा आहे, कारण पाणी ते दृश्य जणू पृष्ठभागाखालून, खालच्या कोनातून दाखवते. त्यामुळे काठापासून मागे असलेल्या देवळाचा काही भाग प्रतिबिंबात पायऱ्यांआड जातो आणि शिखराचा तेवढा वरचा अंश दिसतो. शिवाय फिकट वस्तूचे प्रतिबिंब बहुधा किंचित गडद आणि गडद वस्तूचे किंचित फिकट असते. सरळ खाली पाहिल्यास पाणी सुमारे 2 टक्केच प्रकाश परावर्तित करते, पण नजर तिरपी होत जाते तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते; म्हणून पायाशी तळाचा हिरवट-मातकट रंग आणि दूरवर आकाश दिसते. संपूर्ण नदीला एकच निळा फासणाऱ्या चित्रात पाणी आडवे पसरत नाही, भिंतीसारखे उभे राहते.

प्रतिबिंबाचे फटकारे आधी उभे ओढून बोटाने हलकेच पुसावेत, मग त्यांवर तरंगांच्या आडव्या रेषा द्याव्यात, ज्या दूर जाताना बारीक आणि दाट होतात. पुसण्याचा सोस मात्र आवरावा, कारण अती घोटलेल्या पेस्टलचा तजेला जातो.

रंग पक्का करणाऱ्या फिक्सेटिव्हच्या जाड फवाऱ्याने फिकट छटा मंदावतात. म्हणून पुष्कळ चित्रकार तो टाळतात आणि पूड काचेला चिकटू नये यासाठी मधे माउंटची फट ठेवून चित्र काचेखाली बसवतात.